भागूबाईच्या म्हशीचं गोड दूध

नम्रताच्या पोटाचा आणि भागूबाईच्या म्हशीच्या इभ्रतीचा कधी संबंध येईल, असं कुणी सांगितलं असतं तर नम्रताने त्याला लांबूनच हात जोडले असते. पण तो आला, आणि आला तो आबांच्या चहामुळे.

आबा म्हणजे नम्रताचे वडील, आबाजी. भिवपुरीच्या वीजकेंद्रात मीटरच्या काट्यांकडे बघण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले तरी डोळ्यांची खोड गेली नाही. भिंतीवरच्या घड्याळापासून गॅसच्या ज्योतीपर्यंत सगळं आपापल्या जागी आहे ना, हे पाहिल्याशिवाय त्यांना घास जात नसे. स्वयंपाकघरात तेवढं नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. तिथे सोनुबाईंचा, म्हणजे नम्रताच्या आईचा अंमल. सोनुबाई गेल्या आणि आबांनी कशाकडेच बघणं सोडलं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नम्रता कर्जतच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. तिने आबांकडे बघायचं म्हणून लांबलचक रजा टाकली. दिवस कसे गेले ते तिला नीटसं आठवत नाही, आणि त्यावर बोलायची तिला हौसही नाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात भांडं वाजलं. नम्रता दचकून उठली, तर आबा गॅसपुढे उभे. जन्मात कधी पाण्याचा पेला स्वतः भरून न घेतलेला हा माणूस पातेल्यातल्या चहाकडे वीजकेंद्रातल्या काट्याकडे बघावं तसा बघत होता. "नमे, चहा झाला गं," ते म्हणाले. चहा कसला, चहापत्ती दाखवलेलं दूधच ते. पाणी नावाला, वर सायीचं जाड पांघरूण, आणि साखर अशी की चमच्याने फिरायला नकार द्यावा. आबा समोर बसले, आणि तिचा कप रिकामा होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. पुढच्या आठवड्यात त्यांनी भाजीला काय आहे असं विचारलं, तेव्हा नम्रताने मनाशी पक्कं केलं: हा चहा चुकवायचा नाही. त्या एका खुंटीवर आबा टांगलेले आहेत, ती हलली की संपलं.

ती रजा संपवून कामावर जाऊ लागली, आणि घरात नुसतं कुरकुरणाऱ्या तिच्या पोटाने उघड बंड पुकारलं. सकाळी चहा, दहाच्या सुमाराला पोटात ढोल, आणि त्यानंतर जे काही व्हायचं त्याला वाचनालयाच्या एकुलत्या एका संडासाच्या भिंती साक्षी. 'शांतता राखा' ही पाटी तिनेच लावलेली होती, आणि ती रोज मोडणारं पोटही तिचंच. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आधी चमकून बघायची. मग त्यांनी बघणं सोडलं, हे जास्त लागलं.

पोटाचं दुखणं लपत नाही, आणि गावात पोटाच्या दुखण्याला वैद्य कमी पडत नाहीत. आबांचे मित्र कोंडाजी यांचा ओव्यावर असा विश्वास की एखाद्याचा पाय मोडला तरी ते ओवाच सुचवतील. मागच्या आळीतल्या एका आजीने आईचं दुःख पोटात उतरलंय असं निदान केलं. नम्रताला ते काही काळ खरंही वाटलं, कारण पुस्तकांत असं पुष्कळदा होतं. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं म्हशीचं दूध जड, गायीचं घे. गायीचं घेतलं, पोट म्हणालं मला काय त्याचं. कुणी शेळीचं सांगितलं. शेळी शोधून झाली, शेळीचंही तेच. शेवटी एका काकूंनी झोपताना पेलाभर गरम दूध तूप घालून प्यायला सांगितलं; पोट धुऊन निघतं म्हणाल्या. काकूंचा शब्द खरा ठरला. ती रात्र सभ्य गद्यात मावणारी नाही.

आबा दोन दिवस माथेरानला गेले, तेव्हा कोडं सुटलं. त्यांचा पुतण्या तिथे हॉटेलात कामाला. त्याने हट्टाने नेलं होतं. ते दोन दिवस घरी चहा झाला नाही आणि नम्रताचं पोट एखाद्या सद्गृहस्थासारखं वागलं. ती थेट डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा रोग नाही. दुधात एका जातीची साखर असते. ती फोडून पचवायला आतड्यात एक द्रव्य असतं. ते वयाबरोबर कमी होत जातं, निम्म्याहून अधिक माणसांचं होतं. न फुटलेली साखर खाली जाते आणि मग ढोल. दही, ताक बेताने चालेल, तूप तर खुशाल खा. दूध मात्र बंद, किंवा अगदी थोडं. डॉक्टर म्हणाले, किती सोपं आहे. नम्रता म्हणाली, हो ना. आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. डॉक्टरांच्या घरी आबा नव्हते.

पोटाचं काही घ्यायचं ते तिने कर्जतच्या दुकानात घेतलं नाही, कारण कर्जतला दुपारी घेतलेल्या वस्तूची बातमी गावात संध्याकाळच्या आत पोचते. ती स्कूटीवरून खोपोलीला, शिळफाट्यावर गेली. तिथे तिची शाळेतली मैत्रीण नफिसा औषधांचं दुकान चालवते. नफिसाने तिला काउंटरच्या आत स्टुलावर बसवलं, गिऱ्हाईक करता करता सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाली, "कोरा चहा पी. इतक्या स्वस्तात कोणाचं दुखणं जात नाही."

"आबांचा चहा आहे गं."

नफिसा हातातली गोळ्यांची पट्टी कापता कापता थांबली. दुखवट्याला ती येऊन गेली होती. खाटेवरचे आबा तिने पाहिले होते. मागच्या कपाटातून एक चिमुकली बाटली काढून तिने समोर ठेवली. बाटलीवर गुबगुबीत बाळाचं हसरं चित्र. "तान्ह्या बाळांच्या पोटदुखीवर देतात," ती म्हणाली. "हेच ते द्रव्य. दुधात थेंब टाकायचे, दुधातली साखर दुधातच फुटते. मग ते दूध तू पी नाहीतर तुझा बाप."

गनिमी कावा ठरला. पहिल्या दिवशी नम्रताने उकळत्या दुधात थेंब टाकले, सकाळी निर्धास्तपणे कपभर चहा प्यायली, आणि वाचनालयात एका कवीचा सत्कार चालू असताना तिला व्यासपीठावरून, हातात शाल असताना, निघून जावं लागलं. कवीने ती टीका समजून भाषण आवरतं घेतलं. श्रोत्यांनी नंतर तिचे आभार मानले. नफिसाने फोनवर समजावलं की गरम दुधात ते द्रव्य शिजून मरतं. दूध आधी तापवायचं, पूर्ण गार करायचं, मग थेंब, मग दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये. असं केलं आणि पोट गप्प झालं. पूर्ण गप्प. नम्रता त्या सकाळी आबांच्या समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायली आणि तिला पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

एवढ्यावर ही गोष्ट थांबली असती, पण बाटली फ्रिजच्या दारात होती. भागूबाई रतीब घालायला आली असताना नम्रताने दूध ठेवायला दार उघडलं आणि बाळ भागूबाईकडे बघून हसलं. भागूबाई शेजारची. विधवा, एका म्हशीची मालकीण, आणि सोनुबाईंची लग्नापासूनची मैत्रीण. तिने बाळाकडे बघितलं, चाळिशीच्या बिनलग्नाच्या नम्रताकडे बघितलं, आणि फक्त "बरं," म्हणाली. चार दिवसांत कोंडाजींनी आबांना एका बाजूला घेऊन विचारलं की पोर दत्तक घेताय म्हणतात, मुलगा की मुलगी. आबांनी त्यांना ओवा खायला सांगितलं. नम्रताने त्या रात्री बाटलीवरचं बाळ नखाने खरवडून काढलं.

आणि दुसरी गोष्ट नफिसाने सांगितली नव्हती, किंवा बाटलीबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरात असावी. नम्रताचं वाचन अफाट, पण अफाट वाचणाऱ्यांच्या हातून एखादी ओळ निसटतेच. दुधातली साखर फुटली की तिच्या दोन साखरा होतात, आणि त्या जिभेला जास्त गोड लागतात.

आबांना ते पहिल्याच घोटाला कळलं. त्यांनी साखर दोन चमच्यांवरून एकावर आणली, मग अर्ध्यावर. चहा गोडच. वीजकेंद्रात त्यांचा सिद्धांत असे की काटा आपसूक हलत नाही. हलला म्हणजे कुठेतरी काहीतरी झालेलं असतं. संध्याकाळी त्यांनी भागूबाईला विचारलं, म्हशीला हल्ली खायला काय घालतेस. भागूबाईला तो मान वाटला. आबाजी भाऊंसारखा काटेकोर माणूस आपल्या दुधाला गोड म्हणतो, ही बातमी तिने नळावर सांगितली. लगेच दोन घरांनी तिच्याकडे रतीब लावला. त्यांनी दूध पिऊन पाहिलं. रोजच्यासारखं दूध. मग ती घरं म्हणू लागली की बासुंदीसारखं दूध एकट्या आबाजींच्याच घरी जातं. सोनुबाई गेल्या आणि लगेच... पुढचं वाक्य गावात कुणी पुरं करत नसे, आणि तेच वाईट होतं.

आबांच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्यांनी वीजकेंद्रातल्या माणसाने करावं तेच केलं. शंका आली की तपासणी. नम्रता कामावर गेलेली असताना त्यांनी फ्रिजमधलं दूध एका बाटलीत भरलं आणि ते गावच्या दूध संकलन केंद्रावर गेले.

केंद्राचा सचिव रूपेश. तालुक्याहून त्याला भेसळ ओळखायच्या पट्ट्यांचा डबा आला होता, आणि आल्यापासून गावात एकही भेसळ न झाल्याने तो बिचारा खट्टू होता. त्याने आबांच्या दुधात पट्टी बुडवली. पट्टी रंगली. ग्लुकोज, रूपेश म्हणाला, आणि त्याच्या तोंडावरचा आनंद लपेना. दूध कुणाचं, भागूबाईचं. संध्याकाळी भागूबाई केंद्रावर किटली घेऊन आली तेव्हा त्याने तिच्या किटलीतही पट्टी बुडवली. ती रंगली नाही. एखादा म्हणाला असता, चला, बाई निर्दोष. रूपेश म्हणाला, यावरून लबाडी सिद्ध होते. केंद्राला चोख देते आणि घरगुती रतीबात साखर घालते. कमिटीची बैठक होईपर्यंत तिचं दूध घ्यायचं बंद. पट्टी एकदा रंगली की सचिवालाही ती पुसता येत नाही, असा नियम त्याने वाचून दाखवला. नियम होता की नाही हे पुढे कुणालाच सापडलं नाही.

नम्रता घरी आली तेव्हा भागूबाई रिकामी किटली घेऊन अंगणात उभी होती. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"आबाजी भाऊ," ती म्हणाली, "सोनीच्या घरात मी साखरेचं पानी घालीन? तुमाला असं वाटलं?"

आबांनी मान खाली घातली. "मला नाय वाटलं, भागू. पट्टी रंगली."

"मग पट्टीलाच रतीब लावा," भागूबाई म्हणाली आणि गेली.

नम्रता तिच्यामागे धावली, पण भागूबाईने दाराला आतून कडी घातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं वाजलं नाही. दूध नव्हतं. आबा खाटेवर, तोंड भिंतीकडे. नम्रताने दारातून हाक मारली. त्यांनी ओ दिली, पण वळले नाहीत. ती बराच वेळ दारात उभी राहिली. खरं सांगितलं तर भागूबाई सुटेल. पण मग दुधाचा चहा कुणासाठी करायचा, आणि आबा उठतील कशासाठी? पोट तिचं, म्हैस भागूबाईची, आणि भिंतीकडे तोंड केलेला माणूस आबा. यातून एकच दोरा ओढला तर सगळंच उसवणार होतं. तरी ओढायचा होताच. आईची मैत्रीण चोर ठरली होती.

ती केंद्रावर गेली. रूपेशने अर्ज मागितला, दोन प्रतींत. कारणाच्या जागी 'माझं पोट' एवढंच लिहून भागेना. त्याने डॉक्टरांचा दाखलाही मागितला. दाखला आणला. मग तो म्हणाला की दाखल्यावर म्हशीचा उल्लेख नाही. नम्रताने आवाज न चढवता त्याला सांगितलं की ती वाचनालयात उशिरा पुस्तकं आणणाऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलत आलेली आहे आणि तिच्याकडे वेळ भरपूर आहे. रूपेशने नेलेलं एक पुस्तक दोन वर्षांपासून बाहेर होतं. त्याने खुर्ची दिली.

ठरलं ते असं. भागूबाईच्या म्हशीचं दूध कमिटीसमोर काढायचं, तापवून गार करायचं, दोन बाटल्यांत भरायचं. एका बाटलीत नम्रताचे थेंब, दुसरी तशीच. दोन्हींवर रूपेशची सही, दोन्ही केंद्राच्या फ्रिजमध्ये कुलूपबंद, आणि निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

त्या संध्याकाळी केंद्रावर एवढी माणसं जमली की रूपेशला बाकं बाहेर काढावी लागली. आबांना नम्रताने जवळजवळ हाताला धरून आणलं. भागूबाई पदर खोचून एका खांबाशी उभी राहिली, कुणाकडेही न बघता. आणि नम्रताला, जिने आयुष्यात कुणासमोर पोट हा शब्द उच्चारला नव्हता, कमिटीचे पंच आणि त्यांच्या बायका यांच्यापुढे उभं राहून आपल्या आतड्यांची हकिगत सांगावी लागली. तिने ती पुस्तकाची ओळख करून द्यावी तशी सांगितली. ढोलांचा भाग तिने गाळला, पण श्रोते कल्पक होते.

कोंडाजींना एक शंका आली. "ल्हानपनी सोनीचंच दूध प्यालीस ना गं? ते कसं पचलं?"

"लहानपणी सगळ्यांना पचतं, काका," नम्रता म्हणाली. "पुढे आटत जातं."

रूपेशने पट्ट्या बुडवल्या. एक तशीच राहिली, एक रंगली. रंगली ती थेंबांची. नम्रताने खिशातून बाटली काढून दाखवली. भागूबाईने ती जवळ येऊन निरखली, अर्धवट खरवडलेल्या बाळाचा एक पाय अजून दिसत होता.

"ही तर पोराची बाटली," ती म्हणाली. मग मागे वळून सगळ्यांना उद्देशून, सावकाश: "म्हंजे माजी म्हस चोख हाय, नि नमीचं पोट नासकं हाय. लिव रं रूपेश, तसंच लिव बुकात."

रूपेशच्या बुकात तसा रकाना नव्हता. त्याने 'तक्रार मागे' असं लिहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

घरी येताना आबा दोन पावलं पुढेच चालले. जेवले, भांडं धुतलं, झोपले. नम्रता पहाटेपासून जागी होती. पडल्या पडल्या ती कान लावून ऐकत होती. बाहेर कोंबडे आरवले, कुणाची तरी मोटरसायकल गेली. मग, ती आशा सोडत असतानाच, भांडं वाजलं.

ती स्वयंपाकघरात गेली. आबांनी गॅसवर दोन पातेली ठेवली होती. एकात काळंकुट्ट पाणी कढत होतं.

"कोरा किती उकळायचा?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"मला नाही माहीत."

"मला तरी कुठं माईत." त्यांनी चमच्याने पातेलं ढवळलं. "सांगितलं का नाय? एवढे दिस पोट धरून प्यालीस."

"तुम्ही उठत नव्हतात, आबा. चहा करायला लागलात तेव्हा उठलात. बंद केला असता तर पुन्हा..."

आबा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "मी उठत नव्हतो? नमे, तू उठत नव्हतीस. रजा काढून बसलीस नि दिवसभर पांघरून डोक्यावर. जेवायची नायस. म्हटलं, चाय ठेवला तर निदान उठून बसंल. मला काय ते दुधाचं आवडतं व्हय? कामावर जल्मभर कोराच प्यायलो मी."

नम्रता म्हणाली की असं काही नव्हतं, ती आबांकडे बघायला म्हणून घरी राहिली होती. आबा म्हणाले, मग बघितलं कुठं, पांघरुणातून? ती म्हणाली, तुमचं तोंड भिंतीकडे होतं, तुम्हाला काय दिसणार. आबांचा आवाज चढला, तिचाही चढला. सोनुबाई गेल्यापासून त्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. त्या आवाजात भागूबाई किटली घेऊन मागच्या दारात येऊन उभी राहिलेली दोघांनाही कळली नाही.

"काय चाललंय सकाळच्या पारी?" तिने विचारलं.

आबांनी काय ते सांगितलं. कोण उठत होतं आणि कोण नव्हतं, एवढंच ठरवायचं आहे म्हणाले, आणि खरं बोल.

भागूबाईने किटली ओट्यावर ठेवली. "दोगं बी नाय," ती म्हणाली. "महिनाभर मी रोज दूध दारात ठेवून जायाची. रोज मांजर प्यायाचं. मांजरानं तेवढं बाळसं धरलं."

कोरा चहा उतू गेला आणि गॅस विझला. आबांनी फडक्याने ओटा पुसला, पुन्हा गॅस पेटवला, ज्योत खाली वाकून तपासली.

"किती घालू?" भागूबाईने माप हातात घेऊन विचारलं.

"अर्ध्याच्या जागी पाव घाल," आबा म्हणाले. "ते बी दह्याला. आमी दोगं कोरा पितो." आणि तिसरा कप खाली काढून ते तिला म्हणाले, "बस. तुज्यात दूध घालतो."